एकशे त्र्याऐंशी दिवसांचे घर

वेल्सच्या वायव्येला, आयरिश समुद्रात लांबवर शिरलेले लीन नावाचे द्वीपकल्प आहे. ग्विनेद काउंटीचा हा भाग. २०२१च्या जनगणनेत ग्विनेदमधल्या ६४.४ टक्के लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येते असे नोंदवले. अख्ख्या वेल्सचा आकडा होता १७.८ टक्के. शेतावर, दुकानात, शाळेच्या पटांगणात आणि प्रार्थनामंदिरात ही भाषा आपसूक ऐकू यावी असे जे थोडे मुलूख उरले आहेत, त्यांतला हा एक. याच द्वीपकल्पाच्या दक्षिण किनाऱ्यावर आबरसोख हे गाव आहे. तिथल्या वाळूवर ओळीने उभ्या असलेल्या, कपडे बदलण्यापुरत्या लाकडी खोपट्या दीड लाख पौंडांहून अधिक किमतीला विकल्या गेल्याच्या बातम्या ब्रिटिश वर्तमानपत्रांत येऊन गेल्या आहेत. आणि २०२१च्या डिसेंबरात त्याच गावची प्राथमिक शाळा बंद झाली, कारण पटसंख्या दहाच्या आसपास येऊन ठेपली होती. आबरसोख ज्या लानेंगन कम्युनिटीत, म्हणजे स्थानिक कारभाराच्या सर्वांत लहान घटकात, मोडते, तिथली एकतृतीयांशाहून अधिक घरे सुट्टीची आहेत. मालक दूर शहरात, आणि हिवाळ्यात खिडक्या काळोख्या.

या परिस्थितीवर वेल्सने एक उपाय काढला. २० ऑक्टोबर २०२२पासून नियोजनाच्या कायद्यात घरांच्या वापराचे तीन वेगळे वर्ग झाले. ज्या घरात माणूस वर्षाचे १८३ दिवसांहून अधिक राहतो ते मुख्य घर, म्हणजे सी-३. जिथे तो १८३ दिवस किंवा त्याहून कमी राहतो ते दुय्यम घर, सी-५. आणि जे एका वेळी ३१ दिवसांपर्यंतच्या मुदतीने पर्यटकांना भाड्याने दिले जाते ते सी-६. नुसते वर्ग केल्याने काही बदलत नव्हते, कारण एकातून दुसऱ्यात जायला परवानगी लागत नव्हती. ग्विनेद कौन्सिलने ‘आर्टिकल ४’चा आदेश काढून ती मोकळीक काढून घेतली आणि १ सप्टेंबर २०२४पासून मुख्य घराचे दुय्यम घर किंवा सुट्टीचे घर करण्यासाठी रीतसर अर्ज बंधनकारक केला. असे करणारे वेल्समधले हे पहिलेच नियोजन प्राधिकरण. काही रहिवाशांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने पाहायचे ते निर्णयाच्या रीतीतले दोष. मला इथे तपासायचा आहे तो निर्णयामागचा विचार, आणि तो मला योग्य वाटतो. आपल्या शास्त्रग्रंथांत विरोधी मत पुऱ्या ताकदीनिशी मांडून मगच उत्तर देण्याची रीत होती. तीच इथे पाळतो. पूर्वपक्षात जे आहे ते त्या भागात खरोखर बोलले जाते, आणि बोलणारे बहुतेक जण गावचेच असतात. उत्तरपक्ष माझा.

पूर्वपक्ष : घर माझे, कर्ज मी फेडले, छप्पर मी शाकारले. ते मी कोणाला विकावे आणि घेणाऱ्याने त्यात वर्षाचे किती दिवस निजावे, हे सांगणारे कौन्सिल कोण? तुम्ही शहरातल्या श्रीमंताला धडा शिकवायला निघालात, पण फटका बसतो तो गावातल्या म्हाताऱ्या विधवेला. तिची सारी पुंजी म्हणजे ते घर. ते विकून ती मुलीजवळ लहान घर घेणार होती, उरलेल्या पैशांत म्हातारपण काढणार होती. बाहेरचे गिऱ्हाईकच बंद केले की तिच्या घराची किंमत पडणार. बाहेरच्यांनी तर आपली घरे केव्हाच घेऊन ठेवली आहेत, त्यांना या आदेशाची झळसुद्धा लागत नाही. हा न्याय कुठला?

उत्तरपक्ष : विधवेचे नुकसान खरे आहे आणि ते हसण्यावारी नेता येत नाही, म्हणून त्याकडे शेवटी येतो. आधी हक्काचे पाहू. ब्रिटनमध्ये १९४७च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याने जमिनीवर वाटेल ते बांधण्याचा आणि वापर वाटेल तसा बदलण्याचा मालकाचा हक्क संपला. आज तुम्ही परवानगीशिवाय राहत्या घराचे हॉटेल करू शकत नाही, कोठाराचे घर करू शकत नाही, घराचा कारखाना तर नाहीच. हे निर्बंध तुम्ही तीन पिढ्या पाळत आलात आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मागे तुम्ही स्वतःच उभे राहता, कारण शेजारच्या घरात गॅरेज निघाले की त्रास तुम्हालाच होतो. म्हणजे वापरावर समाजाचा अधिकार असतो, हे तत्त्व वादाचे उरलेलेच नाही. वाद एवढाच, की ज्या घरात कुटुंब राहत होते ते वर्षातले दहा महिने कुलूपबंद राहणे, हा वापरातला बदल मानायचा की नाही. माझ्या मते घराच्या बाबतीत याहून मोठा बदल दुसरा नाही. गॅरेज निघाले तर आवाज वाढतो. कुटुंब गेले तर शाळेतले मूल जाते, बसचा प्रवासी जातो, अग्निशमन दलाचा स्वयंसेवक जातो, आजारी शेजाऱ्याच्या दारावर थाप मारणारा जातो.

एखाद्या लहान गावातला अर्ज जवळून पाहा. जागेपाशी खांबाला नोटीस बांधली जाते, हरकती-सूचनांसाठी २१ दिवस मिळतात. नकाशात छपराची स्लेट कोणत्या रंगाची, खिडक्यांच्या चौकटी लाकडी की प्लास्टिकच्या, मोटारी वळवायला जागा किती, सांडपाणी कुठे जाणार, हे सगळे मिलिमीटरपर्यंत काढलेले असते. जुन्या कोठाराचा अर्ज असेल तर आढ्याला वटवाघळे आहेत का, याचा अहवाल जोडावा लागतो, आणि वटवाघळे असली तर त्यांच्या निवाऱ्याची सोय केल्याशिवाय काम सुरू होत नाही. हे योग्यच आहे. पण त्या घरात माणसे राहणार का, हा प्रश्न २०२२पर्यंत त्या कागदांत सहसा विचारला जात नव्हता. सत्तर-पंचाहत्तर वर्षे नियोजनाने भिंती मोजल्या आणि माणसे मोजायची राहून गेली. आर्टिकल ४ने नवा जुलूम आणला असे मला वाटत नाही. एक वगळलेला प्रश्न अर्जात आणला, एवढेच.

आता विधवेकडे. आदेश अंमलात येण्याआधी वर्षभराची पूर्वसूचना दिली गेली होती, ती अशा विक्रीसाठीच उपयोगाची. तिचे घर तिला आजही विकता येते, आणि ज्याला तिथे राहायचे आहे असा कोणीही ते घेऊ शकतो. तिला मिळणार नाही तो वाढीव भाव. तो भाव कुठून आला? इंग्लंडमधल्या चेशर-मँचेस्टरच्या पगारांतून. गावातल्या पगारांवर तो कधीच उभा नव्हता. कौन्सिलने स्वतःच्या समर्थनार्थ मांडलेल्या आकडेवारीत ग्विनेदमधले सुमारे ६५ टक्के लोक घरखरेदीच्या बाहेर फेकले गेलेले दिसतात. म्हणजे विधवेला मिळणारा प्रत्येक जादा पौंड शेजारच्या तरुण जोडप्याच्या आवाक्याबाहेर जाणारा पौंड आहे. दोघांचेही दुःख खरे. पण एकाचे नुकसान अपेक्षेचे आहे आणि दुसऱ्याचे डोक्यावरच्या छपराचे. निवड करायचीच झाली तर मी छपराच्या बाजूने आहे. ज्या आधीच्या दुय्यम घरांना आदेश लागू होत नाही, त्यांच्यावर घरपट्टीचा अधिभार आहे. तो पुरतो का, हे पुढे पाहू.

पूर्वपक्ष : मुळात घरे महाग का झाली? तुम्ही बांधू दिली नाहीत म्हणून. गावाभोवती विकासाची हद्द आखली, आपल्या वाचकांच्या ओळखीची गावठाणाची रेघच म्हणा ना, आणि रेघेपलीकडे शेतकऱ्याच्या पोरालाही घर बांधता येईना. किनारा निसर्गसौंदर्याचे क्षेत्र म्हणून राखीव. त्यातून कोणी परवडणारी घरे बांधायला निघालाच, तर भाषा बुडेल म्हणून ओरड. लीनमधल्या बॉटुनॉगला १८ परवडणाऱ्या घरांच्या अर्जाला भाषेच्याच कारणावरून विरोध झाला. एका हाताने बांधकाम अडवायचे आणि दुसऱ्या हाताने टंचाईचे खापर बाहेरच्यांवर फोडायचे!

उत्तरपक्ष : यातले निम्मे मला मान्य आहे, आणि मान्य असलेले निम्मे आधी सांगतो. परवडणाऱ्या घरांना भाषेच्या नावाने होणारा विरोध मला चुकीच्या दिशेचा वाटतो. त्यामागची भीती मी समजू शकतो. हजार-बाराशे वस्तीच्या गावात एकदम अठरा कुटुंबे आली आणि ती लांबच्या शहरी यादीवरून आली, तर शाळेच्या वर्गातली बोलण्याची भाषा एका वर्षात बदलू शकते. पण त्यावर उत्तर घरे नाकारण्यात नाही. घरे कोणाच्या गरजेसाठी आणि किती वेगाने, हे ठरवण्यात आहे. त्यासाठी साधने हाताशी आहेत. हद्दीला लागून पण हद्दीबाहेर, केवळ स्थानिक गरजेच्या परवडणाऱ्या घरांना अपवाद म्हणून परवानगी देता येते. ग्विनेद आणि शेजारच्या आंगलसी काउंटीच्या संयुक्त विकास आराखड्यात, म्हणजे २०१७मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात, आबरसोख, आबरडारोन अशा काही गावांसाठी ‘स्थानिक बाजाराची घरे’ हा वेगळा वर्गच आहे. तिथे नवे घर त्या परिसराशी ठरावीक नाते असलेल्यालाच घेता येते आणि घराच्या आकारावरही मर्यादा असते.

न मान्य असलेले निम्मे असे. जास्त बांधा म्हणजे स्वस्त होईल, हा हिशेब मागणी मर्यादित असेल तिथे चालतो. समुद्राकाठच्या गावाची मागणी गावापुरती नसते, ती दोन-तीन तासांच्या अंतरावरच्या सगळ्या मोठ्या शहरांची असते. अट न घालता तिथे वीस घरे बांधली तर ती वीस शहरी कुटुंबांना जातील, शेत मात्र गावचे जाईल. फुटक्या घागरीत पाणी ओतत राहण्यापेक्षा आधी भोक बुजवावे, मग हवे तेवढे ओतावे. २०२२चे वर्ग आल्यापासून नव्या घराला परवानगी देताना ‘केवळ मुख्य घर म्हणून वापर’ अशी अट घालता येते, आणि ती अट असेल तर हद्दीची रेघ सैल करायला मी आनंदाने हो म्हणेन. वापरावरचे बंधन आणि बांधकामाची मोकळीक यांत विरोध नाही. पहिले असेल तरच दुसरी देण्यात शहाणपण आहे.

पूर्वपक्ष : पण नियोजनाचा आणि भाषेचा संबंध काय? उद्या म्हणाल, वेल्श येत असेल तरच घर मिळेल. आम्ही अनेक पिढ्या इंग्रजी बोलणारे असू, पण राहतो इथेच. हा सरळ भेदभाव आहे.

उत्तरपक्ष : भाषेची परीक्षा घेऊन घर देणे हा भेदभावच ठरेल, आणि वेल्सच्या सरकारी मार्गदर्शनात तो स्पष्टपणे मना केलेला आहे. २०१५च्या वेल्स नियोजन कायद्याने वेल्श भाषेवरचा परिणाम हा निर्णयात विचारात घेण्याजोगा मुद्दा म्हणून कायद्यात आला. २०१७च्या तांत्रिक सूचना क्रमांक २०मध्ये त्याची रीत सांगितली आहे. पण व्यक्तीच्या भाषाज्ञानावरून फरक करायचा नाही, हेही त्यातच आहे. आर्टिकल ४ त्याच चौकटीत बसतो. तो फक्त दिवस मोजतो. पोलंडहून आलेले कुटुंब आबरसोखमध्ये घर घेऊन वर्षभर राहणार असेल तर त्याला एकही अर्ज करावा लागत नाही, आणि त्याचे मूल जवळच्या शाळेत दोन वर्षांत वेल्श बोलू लागते. उलट कार्डिफमध्ये राहणारा, अस्खलित वेल्श बोलणारा प्राध्यापक सुट्टीसाठी तिथले राहते घर घेऊ म्हणाला तर त्याला अर्ज करावा लागेल. ज्या नियमाचा पहिला फटका वेल्श बोलणाऱ्यालाही बसू शकतो त्याला भाषिक भेदभाव म्हणता येत नाही.

तरीही भाषेचा संबंध आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. भाषा घराघरांतल्या माणसांच्या रोजच्या गाठीभेटींवर टिकते. ज्या गल्लीत हिवाळ्यात चारच दिवे लागतात, तिथे ती कुठल्याही अनुदानाने टिकत नाही. वेल्स सरकारने २०५०पर्यंत दहा लाख वेल्श भाषकांचे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि शाळांमधून तो आकडा कदाचित गाठताही येईल. पण शाळेत शिकलेली भाषा बोलायची कुठे, याचे उत्तर लीनसारखेच प्रदेश देतात. ते सुट्टीचे गाव झाले तर आकडा राहील आणि भाषेचे घर जाईल. या समाजाची आठवणही लक्षात घ्यायला हवी. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला पाणी हवे होते म्हणून १९५७मध्ये ब्रिटिश संसदेत खास विधेयक मंजूर करून घेतले गेले. त्या वाटेने गेल्यामुळे स्थानिक नियोजन प्राधिकरणाची संमती लागलीच नाही. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही त्याला पाठिंबा दिला नव्हता. १९६५मध्ये त्रेवेरिन खोऱ्यातले कापेल केलिन हे गाव शाळा, टपालकचेरी, प्रार्थनामंदिर आणि दफनभूमीसह धरणाखाली गेले. वेल्सच्या या भागातल्या माणसाला नियोजन परवानगी म्हणजे कारकुनी वाटत नाही, ती त्यामुळे. आपल्या गावाचे काय व्हावे याबद्दल आपल्याला विचारले गेले की नाही, हा त्याच्यासाठी तिचा अर्थ आहे.

पूर्वपक्ष : भावना ठीक, पोटाचे काय? पोरे घरांमुळे जात नाहीत, नोकरीमुळे जातात. इथे धंदा म्हणाल तर पर्यटन. सुट्टीचे घर असले की सुतार, रंगारी, सफाईवाली, उपाहारगृह सगळ्यांना काम मिळते. ते बंद करा आणि मग रिकाम्या घरांत वेल्श बोलत बसा.

उत्तरपक्ष : हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. नोकऱ्यांशिवाय घरे पुरणार नाहीत, हे कोणीही नाकारू नये. पण त्यात एक गृहीत दडले आहे: पर्यटक म्हणजे राहते घर विकत घेणारा. हॉटेल, पाहुणघर, तंबूचे मैदान, कॅरॅव्हॅनचा तळ, यांतल्या कशालाही हा आदेश हात लावत नाही. आधीची सुट्टीची घरेही चालूच राहतात. अडतो तो फक्त आज ज्यात कुटुंब राहते त्या घराचा पुढचा बदल. आणि पर्यटनाला माणसे लागतातच ना? आचारी, वाढपी, खोल्या आवरणाऱ्या बायका, वृद्धांची घरी येऊन काळजी घेणाऱ्या सेविका, यांनी राहायचे कुठे? घरभाडे परवडत नाही म्हणून माणूस वीस-तीस मैलांवरून येणार असेल तर मालकालाच कामगार मिळेनासे होतात. सुट्टीच्या घरांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की पर्यटन स्वतःच्याच कामगारांना गावाबाहेर काढते.

नोकरी आधी की घर आधी, यावर याच द्वीपकल्पाच्या माथ्याला एक जुने उदाहरण आहे. लानएलहायर्न या खेड्यात शाळा बंद पडायची वेळ आली तेव्हा गावकऱ्यांनी ती वाचवली. त्यातूनच १९७४मध्ये ‘आंतुर आएलहायर्न’ ही गावाच्या मालकीची सहकारी संस्था निघाली, ब्रिटनमधली त्या प्रकारची पहिली. तिथल्या डॉक्टर कार्ल क्लाउज यांचा त्यात मोठा वाटा होता. पुढे जवळच्याच नांत ग्वर्थेर्न या दगडखाणीच्या ओसाड वस्तीची मालकी १९७८मध्ये एका न्यासाने घेतली, आणि जिथली छपरेसुद्धा गेली होती त्या घरांच्या ओळीत आज वेल्श शिकवण्याचे निवासी केंद्र चालते. तिथे देशोदेशींची माणसे येतात, राहतात, पैसे खर्च करतात. म्हणजे तेही पर्यटनच. फरक इतकाच, की त्यासाठी एकाही कुटुंबाचे घर बाजारात गेले नाही. हे सगळे उभे राहिले ते गावात राहणारी, रात्रीच्या सभेला जमणारी माणसे होती म्हणून. नोकऱ्या निर्माण करणारा माणूसही कुठल्यातरी घरात राहत असतो.

पूर्वपक्ष : मग कर लावा ना, परवानगीचा घोळ कशाला? घरपट्टीचा अधिभार आहेच. ज्याला परवडेल तो भरेल, कौन्सिलच्या तिजोरीत भर पडेल.

उत्तरपक्ष : कर हवाच. एप्रिल २०२३पासून वेल्समधल्या कौन्सिलांना दुय्यम घरांवर ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो. ग्विनेदने १५० टक्के लावला, आणि त्यातला पैसा बाजारातून घरे विकत घेऊन ती स्थानिकांना भाड्याने देण्यासारख्या योजनांकडे वळवला. हे फार चांगले काम आहे. पण कर फक्त किंमत वाढवतो. ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यासाठी तो फाटक उघडाच ठेवतो. शिवाय करातून वाट काढणे सोपे असते. सुट्टीचे घर धंदा म्हणून दाखवले की ते घरपट्टीतून सुटून व्यावसायिक करात जाते, आणि तिथे लहान धंद्यांना सूट मिळते. ही वाट अरुंद करायला धंद्याचे निकष कडक झाले. पूर्वी वर्षातून ७० दिवस भाड्याने दिले तरी चालायचे, आता १८२ दिवस द्यावे लागते.

आणि इथे नियोजनाची एक जुनी करणी उघडी पडली, तिच्यापाशी थांबायला हवे. गेल्या काही दशकांत शेतीला जोडधंदा म्हणून शेतकऱ्यांना गोठे, कोठारे यांची सुट्टीची घरे करायला प्रोत्साहन दिले गेले. परवानगीत अट असायची: वापर केवळ सुट्टीसाठी, कायमचे राहायचे नाही. हेतू चांगला होता. उघड्या रानात नवी वस्ती वाढू नये. पण परिणाम असा, की पक्क्या भिंतींची, पाणी-वीज-शेगडी असलेली घरे उभी राहिली आणि त्यांत कायमचे राहणे हा नियमभंग ठरला. शेतकऱ्याचा मुलगा लग्न करून आई-वडिलांच्या अंगणातल्या त्या घरात राहायला गेला, तर कौन्सिलने त्याला नोटीस द्यावी अशी ती अट! १८२ दिवसांचा निकष आला तेव्हा हेच शेतकरी कात्रीत सापडले: तेवढे दिवस गिऱ्हाईक मिळत नाही आणि स्वतः राहताही येत नाही. त्यांना अधिभारातून वगळण्यात आले, ते बरेच झाले. पण अधिभार माफ केल्याने घरात माणूस येत नाही. माझे म्हणणे असे, की आर्टिकल ४ ज्या तत्त्वावर उभा आहे तेच इथे उलट्या बाजूने लावावे. सुट्टीचे घर राहते करायचे असेल, आणि राहणारा त्याच शेतावरचा किंवा त्याच परिसरातला असेल, तर ती जुनी अट काढण्याचा अर्ज सहज मंजूर व्हावा. राहते घर रिकामे करायला परवानगी अवघड आणि रिकामे घर राहते करायला सोपी, असे नियम दोन्ही दिशांनी एकाच न्यायाने चालले, तरच मालकांना या धोरणाचा प्रामाणिकपणा पटेल.

पूर्वपक्ष : आणि नद्या, पूर? २०२१पासून पश्चिमेकडच्या तैवी खोऱ्यात फॉस्फेटच्या नावाखाली शेतावरचे एक घरसुद्धा अडकून पडले. फेअरबर्नला तर गावच मोडणार म्हणतात. या सगळ्या बंधनांच्या ढिगात तुम्ही आणखी एकाची भर घातली.

उत्तरपक्ष : ही बंधने एका जातीची नाहीत. जानेवारी २०२१मध्ये नॅचरल रिसोर्सेस वेल्स या संस्थेने संरक्षित नऊ नद्यांतील फॉस्फरसचे निकष कडक केले आणि तपासलेल्या नदीभागांपैकी ६० टक्क्यांहून अधिक त्यांत नापास झाले. सांडपाण्याची व्यवस्था सुधारेपर्यंत त्या खोऱ्यांत नव्या घरांचे अर्ज रखडले. फेअरबर्न हेही ग्विनेदमधलेच किनाऱ्यालगतचे सखल गाव. समुद्र वाढत असल्याने त्याचा बंधारा २०५४नंतर राखला जाणार नाही, असे धोरण जाहीर झाले आणि तिथल्या शेकडो घरांची बाजारातली पत एका रात्रीत गेली. नदी आणि समुद्र यांच्याशी वाटाघाटी होत नाहीत. पण म्हणूनच माझा मुद्दा पक्का होतो. नदी आणखी सांडपाणी सोसू शकत नाही, सखल किनारा आणखी घरे सोसू शकत नाही, म्हणजे नवी घरे बांधण्याजोगी जागा कमीच होत जाणार. अशा मुलखात जी घरे आधीच उभी आहेत, कोरड्या जमिनीवर आहेत, ज्यांचे सांडपाणी व्यवस्थेत धरलेले आहे, ती कुलूपबंद ठेवणे ही चैन कुठल्याही समाजाला परवडणारी नाही. बांधकामावरची नैसर्गिक बंधने जितकी घट्ट, तितके वापरावरचे बंधन गरजेचे.

पूर्वपक्ष : दिवस मोजणार कोण? दारात शिपाई बसवणार? आणि ग्विनेदमध्ये बंदी झाली की गिऱ्हाईक शेजारच्या काउंटीत जाणार. तुमचा आजार त्यांच्या माथी.

उत्तरपक्ष : दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. गिऱ्हाईक सरकते, हे खरे. एरेरी राष्ट्रीय उद्यानाचा मोठा भाग ग्विनेदच्या भौगोलिक सीमेतच येतो, पण ते वेगळे नियोजन प्राधिकरण आहे, आणि तिथेही असाच आदेश २०२५मध्ये आणावा लागला, तो याचसाठी. शेजाऱ्यांनी एकेक करून तोच मार्ग धरण्यापेक्षा वेल्स सरकारने ज्या कम्युनिटींत दुय्यम घरांचे प्रमाण ठरावीक रेषा ओलांडते तिथे परवानगी आपोआप लागू करावी, हे अधिक सरळ. दिवस मोजण्याबद्दल म्हणाल, तर नियोजनातले कोणतेही बंधन शिपाई बसवून चालत नाही. घरपट्टीची नोंद, मतदारयादी, विजेचा वापर, डॉक्टरकडची नोंदणी आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी यांवरून मुख्य घर कोणते ते बहुतेक वेळा कळते. न कळणारी काही सुटतील. त्यासाठी अंमलबजावणी शाखेत माणसे हवीत, आणि अधिभाराचा काही भाग त्यांच्या पगारावर खर्च व्हावा.

एक गोष्ट मात्र ताबडतोब, विनाखर्च करता येण्याजोगी आहे. गावची कम्युनिटी कौन्सिल, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या नात्यातली पण अधिकारांनी फारच दुबळी संस्था, अर्जावर फक्त मत देऊ शकते. निर्णय काउंटीच्या समितीचा आणि अपील वेल्स सरकारच्या निरीक्षकाकडे. तिच्यापुढे जे कागद येतात त्यांत स्लेट असते, वटवाघळे असतात, मोटारींच्या जागा असतात. त्याच कागदांवर आणखी तीन आकडे असावेत: या कम्युनिटीत एकूण घरे किती, त्यांत वर्षभर राहती किती, आणि पाच वर्षांपूर्वी ती किती होती. माहिती काउंटीच्या घरपट्टी विभागात पडून आहे. अधिकाऱ्याच्या अहवालाच्या पहिल्या पानावर ती छापली, तर आबरसोखसारख्या गावातल्या सदस्याला अर्जदाराच्या वकिलापुढे भावनेने बोलावे लागणार नाही. तो आकड्यावर बोट ठेवून बोलेल, आणि अर्जदारालाही त्याच आकड्याचे उत्तर द्यावे लागेल.